एकाच डोंगराची दोन दुखणी

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : त्र्यंबकेश्वर तालुक्यातील वेदनांची नोंद व उपचार, आणि सिंहस्थासाठी उभ्या राहणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचा त्यासाठी पुढे करता येण्याजोगा उपयोग.



वेदनेला शरीराची आणि मनाची अशा दोन बाजू असतात, हे विधान आज वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या कारभाराशी या विधानाचा नेमका काय संबंध आहे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही, आणि जेथे तो होतो तेथे बहुधा त्यातली निम्मीच बाजू उचलली जाते, म्हणजे तपासणीत काही सापडले नाही की ‘हे मनाचे दुखणे’ असे म्हणून रुग्णाला वाटेला लावले जाते. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे की, वेदनेतला मनाचा वाटा मान्य केल्याने रुग्णाचे म्हणणे कमी लेखण्याची सवलत कोणालाही मिळत नाही. उलट त्यामुळे विभागाची जबाबदारी गोळी-इंजेक्शनाच्या पलीकडे, थेट पाणी, झोप आणि माणसाच्या शब्दावरचा विश्वास इथपर्यंत वाढते. हे म्हणणे मांडायला त्र्यंबकेश्वर तालुक्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण येथे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी माणसे दुरून येऊन आपणहून वेदना पत्करतात, आणि त्याच डोंगराच्या आडोशाच्या पाड्यांवर ती नाइलाजाने, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढली जाते.

वेदनेच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारून घेतली. तिचा आशय असा की, शरीरातील ऊतींना झालेल्या किंवा होऊ घातलेल्या इजेशी निगडित असलेला, अथवा तशा इजेच्या वेळी येतो त्यासारखा, अप्रिय संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव म्हणजे वेदना. येथे संवेदना आणि भावना या दोहोंना एकाच वाक्यात बरोबरीने बसवलेले आहे, आणि ‘त्यासारखा’ या शब्दामुळे जेथे इजा दाखवता येत नाही अशा दुखण्यालाही व्याख्येत जागा मिळालेली आहे. सुधारित व्याख्येला जोडलेल्या टिपांपैकी दोन विभागाच्या कामाच्या आहेत. इजेची खबर मज्जातंतूंनी वाहून नेणे ही एक गोष्ट आणि वेदना ही दुसरी, त्यांना एकच समजू नये, हे पहिल्या टिपेचे सांगणे आहे. आणि एखादी व्यक्ती आपल्याला दुखते आहे असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर राखला जावा, हे दुसरीचे.

खबर वाहण्याचे काम कसे चालते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. करवंदीचा काटा पायात मोडला की प्रथम तीक्ष्ण, नेमक्या जागेवर बोट ठेवता येईल अशी कळ येते आणि क्षणभराने मागून पसरट, जळजळती वेदना येते. याचे कारण असे की पहिली खबर पातळ मेदावरण असलेल्या ‘ए-डेल्टा’ नावाच्या जलद तंतूंवरून जाते, तर दुसरी आवरण नसलेल्या, बारीक आणि संथ अशा ‘सी’ तंतूंवरून येते. दोन्ही खबरा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचतात, आणि तेथे त्या जशाच्या तशा पुढे ढकलल्या जात नाहीत, हा विसाव्या शतकातला महत्त्वाचा शोध. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्श आणि दाब वाहणाऱ्या जाड तंतूंची हालचाल वाढली की ते काहीसे लोटले जाते (दुखरी जागा चोळल्यावर बरे वाटते ते यामुळे), आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञाही ते उघडू-मिटू शकतात. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण त्याचा गाभा टिकला: भीती, लक्ष, अपेक्षा, पूर्वीचे अनुभव यांना मज्जारज्जूपर्यंत पोहोचणारी शारीरिक वाट आहे. दुखण्यातले ‘मन’ म्हणजे दुखऱ्या शरीरावर वरून घातलेला रंग नव्हे. तेही मज्जातंतूंतूनच बोलते.

याचा भक्कम पुरावा १९७८ मध्ये मिळाला. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून निव्वळ निरुपद्रवी, औषधहीन द्रव्य टोचले असता त्यांच्यापैकी काहींचे दुखणे कमी झाले. नंतर त्यांना नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे केवळ ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेने शरीरात अफूसारखीच द्रव्ये स्रवली होती, आणि ती अडवली तेव्हा दिलासाही गेला. ज्यांना औषधाविना बरे वाटले ते ढोंग करत होते, असा निष्कर्ष यानंतर काढता येत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रविवारी रात्री कुशावर्तात स्नान करून निघालेली मंडळी पेगलवाडी, पहिने अशी गावे मागे टाकत, पावसात आणि धुक्यात डोंगराला वळसा घालतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आणि मोठी त्याच्या साधारण दुप्पट, आणि चालणाऱ्यांत अनवाणी असणारे पुष्कळ. पाण्यात भिजून मऊ पडलेल्या तळव्याला डांबरातून सुटलेली खडी रुतू लागली की माणूस टाच टेकवणे सोडून चवड्यावर चालू लागतो, त्याने पोटरीत गोळा येतो, तो चुकवायला पाऊल तिरपे पडते आणि मग गुडघा बोलू लागतो. तरीही ‘बम बम भोले’च्या गजरात पुढच्याच्या पाठोपाठ पाय उचलला जातो, आणि पहाटे परतलेला माणूस पायाचे फोड दाखवताना तक्रारीच्या सुरात बोलत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनाला थंडीवाऱ्यात चालत येणाऱ्या दिंड्यांचेही तेच.

हा प्रकार विज्ञानाला अपरिचित नाही, आणि त्याच्या अभ्यासात महाराष्ट्राचा एक धागा आहे, हे येथे नोंदवण्याजोगे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या लेखात बगाडाचे वर्णन आणि छायाचित्रे होती. पाठीच्या स्नायूंत गळ टोचून उंच खांबाला टांगला गेलेला नवसाचा माणूस वेदनेची चिन्हे दाखवण्याऐवजी उल्हसित दिसतो, हे त्यातले निरीक्षण मेलझॅक यांनी १९७३ च्या आपल्या ‘द पझल ऑफ पेन’ या ग्रंथात उचलले, आणि तेव्हापासून जगभरच्या वैद्यक विद्यार्थ्यांना इकडचे बगाड ठाऊक झाले. (आता बहुतेक गावांत गळ टोचत नाहीत, बगाड्याला कापडाने किंवा दोरीने बांधतात; वैद्यकाच्या पुस्तकांतले बगाड मात्र अजून गळाचेच आहे.) त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आंझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरला आढळले होते की, गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होते. ते बधिर झालेले नव्हते, कारण हाताच्या शिरेत सुई नीट टोचली गेली नाही तर हेच सैनिक इतर कोणाइतकेच कुरकुरत. पण पोटातली किंवा मांडीतली मोठी जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका, घरी परतण्याचे तिकीट, असा अर्थ तिला लाभला होता.

फेरीतला भाविक आणि आंझिओचा सैनिक यांच्या वेदनेला सुसह्य करणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. तिला अर्थ असतो, सोबत असते, आणि मुख्य म्हणजे तिला शेवट असतो, तोही ठाऊक असलेला. भाविकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, ती निवडीची: वाटेत कोठेही थांबून गाडीत बसण्याची मुभा त्याला असते, आणि ती मुभा असणे हेच एक वेदनाशामक आहे.

तथापि या बाजूचेही फार कौतुक करता येत नाही, कारण मनाने वेदनेचे दार लोटले म्हणून शरीराची इजा थांबत नाही. सिंहस्थात त्र्यंबकला येणाऱ्या साधूंमध्ये वर्षानुवर्षे उभे राहण्याचे व्रत घेतलेले खडेश्वरी आणि एक हात कायमचा वर धरलेले ऊर्ध्वबाहू तपस्वी दिसतात. त्यांच्या धैर्याविषयी कोणाचेही मत काही असो, उभ्या पायांत रक्त साकळून सूज आणि व्रण येतात, आणि वर धरलेल्या हाताचे स्नायू झडून खांदा कायमचा आखडतो. वेदना न होणे ही सिद्धी मानणाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधनही विचारात घ्यावे. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून आणि हातात सुऱ्या खुपसून खेळ करून दाखवीत असे. त्याच्या नात्यातील इतर मुलांच्या तपासणीतून एका जनुकातील दोष सापडला, ज्यामुळे इजेची खबर तंतूंवरून निघतच नाही. तो मुलगा चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून मेला, आणि त्या नात्यातल्या मुलांच्या ओठांना व जिभांना लहानपणी स्वतःच चावून घेतल्याच्या खुणा होत्या.

आता डोंगराच्या दुसऱ्या अंगाकडे वळणे भाग आहे. त्र्यंबकेश्वरचा तालुका पावसाळ्यात पाण्याने न्हाऊन निघतो आणि गोदावरी येथेच उगम पावते, परंतु काळ्या कातळाचा हा मुलूख पाणी धरून ठेवत नाही. मार्च सरता सरता महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी अशा समाजांच्या पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. तास नदीच्या दरीवर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावरून हंडे घेऊन जाणाऱ्या शेंद्रीपाड्याच्या स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा २०२२ मध्ये तेथे तातडीने लोखंडी पूल बसवला गेला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहूनही गेला. त्या छायाचित्रांत साऱ्यांना दरीत पडण्याचा धोका दिसला. मान, कंबर आणि गुडघे यांचे जे रोज होत होते ते छायाचित्रात दिसणारे नव्हते.

दहा लिटरचा हंडा म्हणजे दहा किलो पाणी, भांड्याचे वजन निराळे. चुंबळ डोक्यावर ठेवून तिच्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी चढवली की मान हलवायची सोय उरत नाही. खडकाळ उतारावर पाय कोठे पडतो ते पाहायचे तर मान वाकवता येत नाही, म्हणून डोळे तेवढे खाली फिरवून, पाठ ताठ ठेवून, सारा भार गुडघ्यांवर घेत उतरावे लागते, आणि कडेवर मूल असेल तर कमरेलाही एका बाजूला पीळ बसतो. दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्या स्त्रियांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या कामाचा आणि मान-पाठीच्या दुखण्याचा संबंध तपासला होता. त्र्यंबकच्या पाड्यांवर तो तपासायला फार मोठ्या साधनांची गरज नाही, विचारणारा माणूस हवा.

या वेदनेत फेरीतल्या वेदनेला सुसह्य करणारे काहीच नसते. ती निवडलेली नसते, उद्या पुन्हा तीच असते, आणि तिचा शेवट केव्हा याचे उत्तर कोणापाशी नसते. अशा सततच्या खबरांनी मज्जासंस्था स्वतःच बदलते, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. या प्रक्रियेला ‘केंद्रीय संवेदनीकरण’ म्हणतात, म्हणजे मज्जारज्जूतील व मेंदूतील पेशी इतक्या हळव्या होतात की पूर्वी नुसता स्पर्श वाटणारी गोष्ट दुखू लागते आणि थोडे दुखणारे फार दुखू लागते. अपुरी झोप, घरातली काळजी, कर्ज, नवऱ्याचे व्यसन, पुढच्या खेपेची धास्ती, या गोष्टी हा हळवेपणा वाढवतात. आणि हळवेपणा वाढला की झोप उडते, मन खचते, माणूस हालचाल टाळू लागतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना हा स्वतंत्र आजार असू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने मान्य केले आहे. क्ष-किरण चित्रात मणक्यात काही न दिसणे आणि बाईला न दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी ठरवणे हे निदान नव्हे.

येथेच ती चूक होते, जिच्यासाठी हे पत्र लिहिण्याचे प्रयोजन पडले. फेरीतला भाविक हसतमुखाने वीस किलोमीटर अनवाणी चालतो, मग रोजच्या सवयीच्या बाईला दोन किलोमीटरचे काय, असा विचार उघड बोलला जात नसला तरी कारभारात मुरलेला आहे, आणि ‘आदिवासी बायका काटक असतात’ या कौतुकाच्या वाक्यात तो दडलेला असतो. असल्या कौतुकाचा परिणाम अन्यत्र मोजला गेला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यक विद्यार्थ्यांपैकी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीच्या, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते अशा, चुकीच्या समजुतींपैकी काहींना होकार दिला, आणि ज्यांच्या मनात या समजुती होत्या त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली व उपचारही कमी अचूक सुचवले. नवजात बालकांचीही अशीच गत होती: त्यांना वेदना कळत नाहीत असे समजून १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी पुरेशा भुलीविना त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत, आणि भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांच्या १९८७ च्या संशोधनाने ही प्रथा मोडायला मदत केली. ज्याला सांगता येत नाही आणि ज्याचे सांगणे ऐकले जात नाही, त्यांच्यात उपचाराच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.

वेदनेच्या मनाच्या बाजूचा जुना दाखलाही जवळच आहे: नाशिकला त्रिरश्मी लेणी, म्हणजे पांडवलेणी, आहेत. तेथे जे बौद्ध भिक्षू राहत असत त्यांच्या परंपरेत दोन बाणांचा एक उपदेश आहे: अजाण माणसाला शरीराच्या दुःखाचा एक बाण लागतो आणि त्याबद्दलच्या शोकाचा दुसरा, जाणत्याला पहिलाच लागतो. आजकाल मनःस्वास्थ्याच्या कार्यशाळांतून हा उपदेश फार ऐकू येतो. तो खरा आहे, परंतु तो साधकासाठी आहे. शासनाचे काम पहिला बाण काढण्याचे आहे, आणि ते न करता दुसऱ्या बाणाविषयी प्रवचन करणे शासनाला शोभत नाही.

सध्या पाड्यावरच्या दुखण्यावर उपाय म्हणजे दुकानातून घेतलेली गोळी किंवा बाजाराच्या दिवशी मारून घेतलेली सुई. त्यातली डायक्लोफेनॅकसारखी औषधे दोन-चार दिवसांसाठी उपयोगी असली तरी उपाशीपोटी, महिनोन्‌महिने घेतल्यास जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करतात. या औषधाची एक करुण कहाणी याच तालुक्यात पाहायला मिळते: गुरांचे दुखणे शमवण्यासाठी ते दिले जाई, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांचा गैरवापर थांबवण्यासाठी २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली, आणि हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी निर्धोक मांसाची व्यवस्था उभी केली. गिधाडांच्या मूत्रपिंडांसाठी औषधाच्या कुपीचे माप बदलले गेले; तेच औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडाची चौकशी कोण करतो, हा प्रश्न विभागाला विचारणे वावगे ठरू नये.

विभागाकडून अपेक्षा आहे ती प्रथम ऐकण्याची व नोंदण्याची. बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत ‘अंगदुखी’ असा एकच शब्द पडतो, परंतु बाई सांगताना ठणका, चमक, आग, मुंग्या, कळ, अवघडणे असे वेगवेगळे शब्द वापरते, आणि त्यांतून निदानाला दिशा मिळते; आग आणि मुंग्या सांगितल्या तर मज्जातंतूचा दोष शोधायचा, मानेतून हातात उतरणारी चमक सांगितली तर मणक्यातून निघणारी नस तपासायची, सकाळी ताठरलेले आणि चालल्यावर सुटणारे सांधे सांगितले तर आमवाताचा विचार करायचा. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांच्या अशा ७८ शब्दांची प्रश्नावली बांधली, ती यासाठीच. शून्य ते दहा अशा आकड्यात वेदना सांगणे ज्यांना जमत नाही, त्यांना भरला हंडा एकटीने उचलता येतो का, रात्री कूस बदलताना जाग येते का, हे विचारता येते, आणि आशा कार्यकर्तीला हे प्रश्न शिकवायला एक दुपार पुरते. त्याच भेटीत झोप, धास्ती, उदासी यांची विचारपूस व्हावी, मात्र ती दुखण्याच्या ऐवजी नव्हे, दुखण्याबरोबर.

उपचारात व्यायामोपचारतज्ज्ञाचा ठरावीक वार आणि लांबच्या रुग्णांसाठी पाड्यावरची फेरी, या गोष्टी महाग नाहीत. त्याहून मोठा उपचार आपल्या विभागाच्या हातात नाही, तो नळाचा आहे. परंतु कोणत्या पाड्यावर किती बायकांची मान-कंबर गेली आहे, याचा तक्ता आरोग्य विभागाने पाणीपुरवठा विभागापुढे ठेवला, तर कोणता पाडा आधी घ्यायचा हे ठरवायला त्या विभागालाही आधार मिळेल.

कर्करोगाच्या आणि शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांचा प्रश्न वेगळा आणि अधिक तातडीचा आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६० च्या दशकात ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली, म्हणजे मरणाऱ्या माणसाचे दुखणे शरीराचे, मनाचे, घरच्यांच्या काळजीचे आणि श्रद्धेच्या प्रश्नांचे मिळून एकच असते. पण याच बाईंचा आग्रह होता की आधी मॉर्फिन वेळेवर द्या, मग बाकीचे बोलता येईल. मुंबईच्या वांद्र्यात १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचे देशातले पहिले सेवासदन निघाले, पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचे तसेच केंद्र सुरू झाले, या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये परिहार सेवा, म्हणजे बरे होण्याच्या आशेपलीकडे गेलेल्या रुग्णाचे दुःख कमी करण्याची सेवा, कागदावर आहे. मध्य प्रदेश आणि राजस्थानात कायदेशीर अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरी ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार भारतात अफूवर्गीय वेदनाशामकांची उपलब्धता गरजेच्या अवघी ४ टक्के होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायला धजत नसत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कंबरदुखीवर मॉर्फिन द्यावे असा याचा अर्थ नाही, आणि अमेरिकेत अफूवर्गीय वेदनाशामके अशा दुखण्यांवर सर्रास दिल्याने व्यसन कसे पसरले हे सर्वांना माहीत आहे. परंतु हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला त्र्यंबक-जव्हार रस्त्यावरच्या पाड्यात पॅरासिटामोलवर ठेवणे आणि घरच्यांना ‘देवाचे नाव घ्या’ सांगणे, ही वेदनेची मानसिक बाजू सांभाळणे नव्हे.

३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सिंहस्थाला आरंभ होतो आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्यासाठी त्र्यंबकमध्ये खाटा, डॉक्टर, औषधसाठा आणि रुग्णवाहिका येतील, आणि अनवाणी पायांच्या फोडांवर, लचकलेल्या घोट्यांवर, आखडलेल्या पाठींवर तेथे रात्रंदिवस उपचार होतील, ते व्हायलाच हवेत. त्या साऱ्यांतून पर्व संपल्यावर काय राहणार आणि काय परत जाणार, याची यादी विभागाने ध्वजारोहणाच्या आधी जाहीर करावी. राहणाऱ्यांच्या रकान्यात वेदना-उपचाराचा एक बाह्यरुग्ण कक्ष, एक व्यायामोपचारतज्ज्ञ आणि त्र्यंबकच्या सरकारी रुग्णालयाच्या नावे मॉर्फिनची मान्यता असावी, आणि तो कक्ष हरसूलच्या आठवडी बाजाराच्या दिवशी हरसूललाच भरावा, कारण पाड्यांवरच्या बायका त्या दिवशी तेथे येतातच.